बारा दिवसांसाठी नेपाळला सेवेला जाताना

प्रश्न असा आहे: खानापूर तालुक्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ जुलैमध्ये बारा दिवसांच्या मिशन ट्रिपला नेपाळला जायचं म्हणतोय. चौदा जण आहेत, त्यांतल्या चौघी नर्सिंग शिकतात. पासपोर्ट लागतो का, पैशांचं कसं करायचं आणि तिथे नेमकं काम काय करायचं, असं संघाच्या सेक्रेटरी ताईंनी विचारलंय. त्यांच्या पास्टर साहेबांनी दिलेल्या यादीत बाजारात नाटक, पत्रकं वाटणं, आरोग्य शिबिर आणि अनाथाश्रमाला भेट असं आहे.

मी तीस वर्षं नर्स होते. २००९ पासून बेळगावच्या तरुणांना घेऊन नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यातल्या एकाच छोट्या मंडळीकडे आठ वेळा गेले आहे. जे सांगते ते त्या आठ खेपांवरून.

ताई, सगळ्यात आधी महिना बदला. जुलै म्हणजे तिकडे असार संपून साउन लागतो, म्हणजे भात लावणीचे दिवस. आपल्या जांबोटी-कणकुंबीकडे रोप लावण चालू असताना, घरातली सगळी माणसं गुडघाभर चिखलात उभी असताना, कोणी परदेशातून चौदा पाहुणे घेऊन दारात आलं तर काय होईल? घरातली एक बाई शेत सोडून चुलीपाशी बसेल. तिथेही तेच होतं. शिवाय सोनौलीच्या सीमेवरून वर जाणाऱ्या रस्त्यावर बुटवल सोडलं की सिद्धबाबाचा घाट लागतो, आणि पावसाळ्यात तिथे दरडी येतात. एकदा आमची बस त्या घाटाखाली अकरा तास उभी होती. दसैं आणि तिहार, म्हणजे त्यांचा दसरा-दिवाळी, हे दिवसही टाळा, कारण गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीचा शेवट ते मार्च बरा. मुलांच्या परीक्षा आड येत असतील तर कमी माणसं जा. चौदाही जास्तच आहेत, त्याबद्दल पुढे सांगते.

आता महिन्यापेक्षा मोठी गोष्ट. तुमच्या प्रश्नात नेपाळमधल्या मंडळीचं नाव आहे, त्यांच्या पास्टरांचा फोन नंबरही तुमच्याकडे आहे असं दिसतं. पण त्यांनी तुम्हाला कशासाठी बोलावलंय, ते कुठेच नाही. यादी सगळी आपल्याकडची आहे. माझ्या पहिल्या खेपेची यादीही अशीच बेळगावच्या कॅम्पातल्या एका घरी चहा पिता पिता तयार झाली होती.

त्या पहिल्या खेपेला आमच्या मुलांनी आठवडे बाजारात पत्रकं वाटली. तिथले पास्टर आदल्या रात्री एवढंच म्हणाले होते, की बघा, तुम्हाला योग्य वाटतं ते करा. आम्हाला तो होकार वाटला. आम्ही परत आलो, मंडळीपुढे साक्ष दिली, फोटो दाखवले, सगळ्यांनी प्रभूची स्तुती केली. तीन वर्षांनी त्यांच्याच अंगणात बसलेली असताना पास्टरांच्या भावाकडून कळलं की आम्ही निघून गेल्यावर पास्टरांना पोलीस चौकीवर बोलावलं होतं आणि दोन दिवस बसवून ठेवलं होतं. पत्रकं कोणी आणली, पैसे कुणी दिले, हेच पुन्हा पुन्हा विचारत होते. पास्टर स्वतः मला एका शब्दाने बोलले नव्हते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि तेव्हापेक्षा आता कायदा कडक आहे. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाचं कलम २६ धर्म पाळायचं स्वातंत्र्य देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. २०१८ च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत कलम १५८ आहे. धर्मांतर केलं किंवा करायला प्रोत्साहन दिलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही, म्हणून आपण परदेशी नाही असं आपल्या मुलांना वाटतं. तिथल्या कायद्याला आपण परदेशीच. पण मला तुमच्या अटकेची तेवढी काळजी नाही. तुम्ही बाराव्या दिवशी गाडीत बसाल. पास्टर, त्यांची बायको, त्यांच्या घरी भक्तीला येणारी पंधरा-वीस कुटुंबं तिथेच राहणार आहेत, त्याच बाजारात मीठ-तेल घ्यायला जाणार आहेत. म्हणून बाजारातलं नाटक आणि पत्रकं, दोन्ही यादीतून काढा. पास्टर साहेबांना हे सांगणं अवघड वाटत असेल तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

कोणी म्हणेल, मग सुवार्तेचं, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगण्याचं काय? नेपाळमधली मंडळी बाहेरच्यांच्या पत्रकांवर वाढलेली नाही. १९५१ पर्यंत तो देश मिशनऱ्यांना बंद होता. नेपाळी भाषेतलं पवित्र शास्त्र १९१४ साली आलं ते दार्जिलिंगच्या गंगाप्रसाद प्रधानांच्या कष्टांतून. दार उघडल्यावर दार्जिलिंग-कालिम्पोंगकडचे नेपाळी विश्वासीच परत जाऊन वस्त्यांवर राहिले. १९५४ मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ सुरू झालं, त्यांनी दवाखाने आणि शाळा चालवल्या. १९६० च्या सुमारास याच पाल्प्यातल्या तानसेनला बाप्तिस्मा दिला म्हणून नेपाळी पाळक तुरुंगात गेले. २०२१ च्या जनगणनेत तिथले ख्रिस्ती १.७६ टक्के आहेत. साक्ष कशी द्यायची ते त्या लोकांना ठाऊक आहे, आणि तिची किंमत किती ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आपल्याकडचंही बघा. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले, मागून विल्यम बेनन आले. बेनन साहेबांचं नाव आजही आपल्या शाळेवर आहे. शेजारच्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला. ही माणसं भाषा शिकली, वर्षानुवर्षं राहिली, इथल्या तापाने आजारी पडली. बारा दिवसांत आपण त्यांच्यासारखं काही करू, असं मनात धरून मुलांना नेऊ नका. बारा दिवसांत होण्यासारखी कामं वेगळी असतात.

ती कोणती, हे यजमान मंडळीला विचारायचं. विचारण्यातही रीत आहे. “आम्ही शिबिर घेऊ का?” असं विचारलंत तर उत्तर “हुन्छ” येणार, म्हणजे चालेल. पाहुण्याला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं, आपल्यासारखंच. त्यापेक्षा असं विचारा: “येत्या वर्षात मंडळीत तुमचं कुठलं काम अडलंय? त्यातलं बाहेरच्या माणसाने केलेलं कुठलं चालेल? आम्ही आलोच नाही आणि तेवढे पैसे पाठवले तर ते जास्त उपयोगी पडेल का?” शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो, कारण उत्तर होय येऊ शकतं. आम्हाला एकदा आलं. २५ एप्रिल २०१५, शनिवार, दुपारी बाराला चार मिनिटं कमी. नेपाळात शनिवारी सुट्टी आणि शनिवारीच भक्ती. भूकंप झाला तेव्हा ठिकठिकाणी मंडळ्या प्रार्थनेला बसलेल्या होत्या, आणि कित्येक जण भिंतींखाली गेले. पाल्प्यात फारसं नुकसान नव्हतं, पण आमच्या पास्टरांच्या बायकोचं माहेर गोरखाकडचं, म्हणजे जिथे केंद्र होतं तिथलं. इकडे बावीस तरुण निघायला तयार झाले. मी फोन केला. पास्टर म्हणाले, “दिदी, मान्छे होइन, जस्तापाता.” माणसं नकोत, पत्रे पाठवा. पावसाळा दीड महिन्यावर होता आणि लोक उघड्यावर होते. पोरं नाराज झाली. आम्ही तिकिटांचे पैसे पत्र्यांना दिले. मी म्हणेन, न गेलेली ती खेप आमची सगळ्यात चांगली खेप होती.

दुसऱ्या एका वर्षी त्यांनी मागितलं ते असं होतं: मंडळीचा जमाखर्च लिहायला दोन मुलींना शिकवा, आणि पेटी वाजवायला कुणाला तरी शिकवा. आमच्यातला सोसायटीत क्लार्क असलेला एक मुलगा रोज सकाळी दोन तास त्या मुलींना घेऊन बसायचा. त्याला वाटत होतं की आपण काहीच सेवा केली नाही. त्या मुलींपैकी एक आज त्यांच्या गावच्या बचत गटाचे हिशेब बघते. पेटीचं तर विचारू नका. त्यांच्याकडे मादल, म्हणजे त्यांचा ढोलक, आपल्याकडे पेटी आणि टाळ. तिसऱ्या संध्याकाळी आपलं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन आणि त्यांचं भजन एकाच चालीत बसवलं. लिपी एकच, देवनागरी, त्यामुळे आपली मुलं त्यांची भजनं पहिल्या दिवसापासून वाचून म्हणतात. अर्थ मात्र आधी विचारून घ्या. एका सरकारी कार्यालयावर “शिक्षा” शब्द बघून आमचा एक जण घाबरला होता. नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण.

नर्सिंगच्या चौघींसाठी वेगळं लिहिते, कारण हा माझा धंदा. आरोग्य शिबिर घेऊ नका. परदेशी डॉक्टरला तिथे रुग्ण तपासायचा तर नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, नर्सचंही कौन्सिल आहे, आणि तुमच्या मुली तर अजून शिकताहेत. बेळगावच्या वॉर्डात सिस्टरच्या नजरेखाली जे इंजेक्शन द्यायची परवानगी आहे ते त्या डोंगरात नाही. नियम बाजूला ठेवला तरी विचार करा: आपण रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या देऊन येतो, सोळाव्या दिवशी त्या म्हातारीने काय करायचं? मी स्वतः अशा गोळ्या वाटल्या आहेत. पुढच्या खेपेला एका घरात माझीच रिकामी पाकिटं देवघरातल्या वस्तूसारखी जपून ठेवलेली पाहिली. त्या बाईला वाटत होतं की मी परत आणेन.

त्याऐवजी हे करता येतं. नेपाळात आपल्या आशाताईंसारख्या महिला आरोग्य स्वयंसेविका आहेत, १९८८ पासून. गावची स्वयंसेविका आणि तिथली स्वास्थ्य चौकी यांना पास्टरांमार्फत आधी विचारा, आणि त्यांना हवं असेल तर तिच्याच मागे मागे फिरा. ती बोलेल, तुमच्या मुली वजनकाटा धरतील, वहीत नोंद करतील. त्यातून त्या जे शिकतील ते खानापूरच्या वाड्यावस्त्यांवर उपयोगी पडेल. मानाचं काम वाटणार नाही. पण गावात मान तिचा राहायला हवा, कारण रात्री दोन वाजता बाळंतिणीकडे तीच जाणार आहे.

अनाथाश्रमाची भेट काढून टाका. यावर मी तडजोड करत नाही. नेपाळमधल्या अशा बालगृहांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, कोणीतरी एक हयात असतात. चांगल्या शिक्षणाच्या नावाखाली डोंगरातली मुलं शहरात आणून ठेवलेली असतात, आणि पाहुणे येतात, खाऊ आणि देणग्या देतात, म्हणून आणखी मुलं आणली जातात. आपल्या मुली दोन दिवस त्या लेकरांना मांडीवर घेऊन, रडून, फोटो काढून निघून येतात. त्या लेकरांच्या वाट्याला असे निरोप किती आले असतील? आणि कुठल्याही मुलाचा फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकायचा नाही, हा नियम बेळगाव स्टेशनवरच सांगा.

आता चौदा माणसांचं. पहिल्या खेपेला आम्ही सोळा होतो. पास्टरांच्या बायकोला सगळे दिदी म्हणतात. सकाळी दहाला आणि संध्याकाळी दाळभात, आणि प्रत्येक वेळी ती ताटाशी येऊन विचारायची, “भात पुग्यो?” पुरला का? आमची मुलं डोंगर चढून आलेली, दोनदा-तीनदा घ्यायची. आठव्या दिवशी पहाटे मी मागच्या दाराने चुलीपाशी गेले. दिदी शेजारणीबरोबर उभी होती. शेजारीण माना भरून तांदूळ ओतत होती. माना म्हणजे त्यांचं धान्य मोजायचं माप, साधारण आपल्या अर्ध्या शेरासारखं. दिदी हाताच्या कडेने वरचा ढीग सपाट करत होती आणि बोटांवर मोजत होती. मला बघितल्यावर तिने पदराने तोंड झाकून घेतलं. तोपर्यंत तिची कणगी आम्ही संपवली होती, आणि शेजारणीचं हे उसनं पुढच्या पिकाला फेडायचं होतं.

तेव्हापासून आम्ही सात-आठच जातो, आणि आमच्या जेवणाचा हिशेब आधी करतो. निघताना पाकीट देऊ नका, ते भीक दिल्यासारखं होतं आणि उशीरही होतो. पोचल्याच्या संध्याकाळी, तांदूळ-डाळ-तेल बाजारातून दिदींबरोबर जाऊन भरा. कोंबडी-बकरं कापणार असतील तर एकदाच, आणि तेही आपल्याकडून. त्यांच्या घरी न्यायला भेट म्हणून बेळगावचा कुंदा नेऊ नका, रस्त्यातच आंबतो. गोकाकचं करदंट न्या, ते टिकतं आणि म्हाताऱ्यांनाही आवडतं.

कागदपत्रांचं लवकर आटपते. नेपाळला भारतीयांना व्हिसा नाही. विमानाने गेलात तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं, पंधरा ते पासष्ट वयाच्यांचं आधार कार्ड चालत नाही, आणि दरवेळी एक जण नेमकं तेवढंच घेऊन येतो. रस्त्याने गेलात तरी हेच दोनपैकी एक बरोबर ठेवा. आपल्या सीमाभागात नावांचा घोळ फार: माहेर चंदगडचं, शाळेचा दाखला महाराष्ट्राचा, मतदार कार्ड कर्नाटकचं कन्नड-इंग्रजीत, स्पेलिंग तिन्हीकडे निराळं. ते आता तपासा. पासपोर्ट काढायचा असेल तर बेळगावच्या मुख्य पोस्टात सोय आहे. गोवा एक्सप्रेसने दिल्ली, तिथून गोरखपूर, सोनौली असा आमचा नेहमीचा मार्ग. लांबचा आहे, पण त्या प्रवासात गट एकत्र येतो आणि कोण कुरकुऱ्या आहे ते सीमेच्या अलीकडेच कळतं. प्रवासाचा विमा प्रत्येकाचा काढा.

आपल्या शंभर रुपयांचे तिकडे एकशे साठ होतात, हा दर १९९३ पासून तोच आहे. शंभराच्या नोटा जास्त ठेवा आणि बाकीचे अधिकृत ठिकाणी बदला. मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून परदेशी मंडळीला पैसे पाठवायच्या आधी सीएला विचारा. धर्मादाय संस्थेने देशाबाहेर केलेल्या खर्चाला आयकराची सूट सहसा मिळत नाही. आम्ही पत्र्यांचे पैसे व्यक्तिशः पाठवले, प्रत्येकाने आपल्या खात्यातून. भारतातून नेपाळच्या खात्यात रक्कम पाठवायची बँकेची सोय आहे, स्टेट बँकेत चौकशी करा. पावती पास्टरांच्या एकट्याच्या नावाने घेऊ नका, त्यांच्या मंडळीच्या पंचांपैकी दोघांच्या सह्या मागा. पास्टरांवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. बाहेरून आलेल्या पैशावरून त्यांच्याच गावात त्यांच्यावर कोणी बोट दाखवू नये म्हणून.

परत आल्यावर साक्षीच्या भक्तीत काय सांगायचं ते मुलांबरोबर गाडीतच ठरवा. “तिकडचे लोक किती गरीब तरी किती आनंदी” हे वाक्य कुणाच्या तोंडी येऊ देऊ नका. मी लहान असताना आमच्या गावी परदेशातून एक गट आला होता, त्यांनी चर्चची भिंत निळी रंगवली. पहिल्याच पावसात रंगाचे पोपडे निघाले, कारण आमच्याकडच्या भिंतीला आधी काय लावावं लागतं ते कोणी माझ्या वडिलांना विचारलंच नाही. पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या देशातलं एक छापील पत्रक कुणीतरी दाखवलं. त्यात भिंतीचा फोटो होता, समोर मी उभी होते, आणि खाली माझ्या आनंदी चेहऱ्याबद्दल लिहिलं होतं. मला त्या दिवशी दाढ दुखत होती, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ते लोक मनाने चांगले होते, त्यांनी मला दिलेली पेन्सिल मी संपेपर्यंत वापरली. म्हणून दिदीबद्दल सांगायचं तर तिच्या हातचं काय खाल्लं, तिने कुठलं भजन शिकवलं, तिच्या सुनेला दिवस गेलेत तर नाव घेऊन प्रार्थना करा, असं सांगा. आणि पुढच्या दोन वर्षांत कोण कधी फोन करणार, ते त्याच भक्तीत मंडळीपुढे ठरवा. आमच्याकडे महिला मंडळातल्या तिघी महिन्याला आळीपाळीने करतात.

तर आता पास्टर साहेबांबरोबर बसा, यादी बाजूला ठेवा, आणि तिकडच्या पास्टरांना ते तीन प्रश्न विचारा. फोन शनिवारी करू नका, त्यांची भक्ती असते, आणि रविवारी दिवसा ते बहुधा शाळेत शिकवायला किंवा शेतात गेलेले असतील. रविवारी संध्याकाळी सातच्या आत करा. त्यांची घड्याळं आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतात, आणि डोंगरात लोक लवकर झोपतात. तारीख सांगतील ती त्यांच्या पंचांगातली असेल, महिना फाल्गुन की चैत आणि गते, म्हणजे तारीख, किती, ते लिहून घेऊन आपल्या कॅलेंडरशी जुळवा. शेवटी फोन दिदींकडे द्यायला सांगा. किती माणसं आली तर झेपेल, हे त्यांना विचारा.